पोरं गळ टाकून दहा मिनिटांत कंटाळतात, दर वेळी तेच होतंय? आधी हे तपासा

सुट्ट्या लागल्या की आमच्या बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी मला हेच विचारतं, ताई तुम्ही पोरांना घेऊन मासे धरायला जाता, आम्ही पण गेलो हो मागच्या रविवारी, पण आमच्या पोरानं दहा मिनिटांत काठी टाकली आणि पाण्यात दगडं मारत बसलं, दुसरं मोबाईल मागायला लागलं, शेवटी वैतागून परत आलो, आमच्या पोरांना पेशन्सच नाही बघा. एकदा नाही, तीन-तीनदा जाऊन सेम अनुभव आलेले लोक आहेत. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढावं.

माझं माहेर टेंभुर्णीकडचं, भीमेच्या काठचं. उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं, त्यामुळं आमच्या लहानपणी नदी म्हणजे आमच्यासाठी बॅकवॉटरच. वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, मला आणि माझ्या भावाला सोबत न्यायचे. मुलगी म्हणून मला कधी घरी ठेवलं नाही. आता मी सोलापुरात राहते आणि माझा मुलगा, भाची आणि शेजारची दोन-तीन पोरं अशी टोळी घेऊन महिन्यातून एकदा तरी जाते, कधी तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तळ्यावर, कधी माहेरी गेलो की उजनीच्या पाण्यावर.

पोरं कंटाळली असं कुणी सांगितलं की मी पोराबद्दल काहीच विचारत नाही, एकच विचारते, पहिल्यांदा बूच, म्हणजे तंगूसीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी खूण, हललं ते किती वेळानं? बहुतेक जण म्हणतात हललंच नाही. मग आठ वर्षांचं लेकरू एक तास न हलणाऱ्या बुचाकडं कशाला बघेल हो, मी पण नाही बघणार. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, असलेल्या पाण्यात सगळं नीट लावलेलं असेल तर दहा-पंधरा मिनिटांत काहीतरी टिपायला येतंच. मासा लागणं वेगळं, पण टुकटुक तरी होते, आणि एकदा ती टुकटुक झाली की पुढचा अर्धा तास पोरगं जागचं हलत नाही हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून आधी सामान तपासायचं, पोरांच्या स्वभावाकडं नंतर वळायचं.

पहिली गडबड गळाची. ऑनलाईन किट मागवलं की त्यात मोठमोठे गळ येतात, आणि मोठ्या माणसाला वाटतं मोठा गळ म्हणजे मोठा मासा. काठाजवळ पोरांच्या हाताशी येणारी चिलापी असते तळहाताएवढी, तिचं तोंड केवढं असणार? ती आमिषाचे कडेकडेनं तुकडे काढून खाते आणि गळ तसाच राहतो. दहा किंवा बारा नंबरचा गळ घ्या. इथं लई जणांचा घोळ होतो, या मापात नंबर वाढला की गळ बारीक होत जातो, म्हणजे बारा नंबर हा सहा नंबरपेक्षा लहान. दुकानात नंबरावर जाऊ नका, हातात घेऊन बघा, करंगळीच्या नखापेक्षा मोठा दिसला तर परत ठेवा. आणि घरी आल्यावर पक्कड घेऊन गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करून टाका, त्याचं कारण पुढं सांगते. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, पण जाड नको, पाव मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक पुरते.

दुसरी गडबड खास आपल्या सोलापूरकरांची. आपल्या घरात ज्वारीचं पीठ कायम असतं, मग आपण निघताना त्याचाच गोळा मळून नेतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, भाकरी थापताना कडा चिरतात ते उगाच नाही, तोच गोळा पाण्यात गेला की दोन मिनिटांत विरघळतो आणि पोरगं बिचारं पुढचा अर्धा तास रिकामा गळ पाण्यात घेऊन बसतं. कणीक घ्या. घट्ट मळा, चपातीपेक्षा घट्ट, आणि मळताना त्यात चिमूटभर कापूस, बोळा नाही, पिंजलेले तंतू घाला म्हणजे गोळा गळाला धरून राहतो. शेंगदाण्याची पेंड मिळाली तर थोडी कुटून त्यातच मिसळा, वासानं मासे येतात. गोळा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको. उरलेल्या पेंडीचा चारा करायचा, मूठभर ओली करून जिथं गळ टाकायचाय तिथंच आधी टाकून ठेवायची, मग डबा उघडून खाऊन घ्यायचं, तोपर्यंत मासे गोळा होतात. गांडूळ तर सगळ्यात भारी, पण काही पोरं त्याला हात लावत नाहीत. जबरदस्ती करू नका. माझी भाची पहिली दोन वर्षं फक्त कणकेवरच होती, तिसऱ्या वर्षी एक दिवस स्वतःहून म्हणाली, आत्या मला दे, मी लावते.

आता बूच. थर्माकोलचा मोठा तुकडा बांधला तर लहान मासा टिपताना तो हलतच नाही, त्याला तेवढी ताकद कुठली. आम्ही लहानपणी कडब्यातलं ज्वारीचं चांगलं वाळलेलं धाट घ्यायचो, करंगळीएवढं जाड, बोटभर लांब, वरची साल तशीच ठेवायची कारण साल काढली की आतलं भेंड पाणी पितं आणि बूच बुडतं. दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावायचं. खाली शिशाचा बारीक मणी असा ॲडजस्ट करायचा की धाटाचं जेमतेम बोटाच्या पेराएवढं टोक पाण्याबाहेर राहील. आता त्या टोकाला लाल नेलपेंट लावा, आणि हे काम पोरांकडून करून घ्या, आदल्या दिवशी संध्याकाळी, घरी, पेपर अंथरून. स्वतः केलेलं बूच असलं की पोरगं त्याच्याकडं बघत बसतं, विकतच्या बुचाकडं तसं बघत नाही. माझ्या मुलानं चार बुचं केलीत, चारींना चार रंग, आणि कुठलं कुठं वापरायचं यावर त्याची मतं आहेत, ती मी मान डोलवून ऐकते.

बूच कुठं बांधायचं म्हणजे खोली किती ठेवायची, हे कुणी तपासतच नाही. बूच वर सरकवलं की गळ खाली जातो, खाली सरकवलं की वर येतो. आधी गळाला एक जड शिसं तात्पुरतं लावून पाण्यात सोडा. बूच पाण्याखाली ओढलं गेलं तर पाणी बांधलेल्या मापापेक्षा खोल आहे, आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय. त्यावरून तळ किती खोल ते काढा आणि मग आमिष तळाच्या वीतभर वर राहील असं बूच बांधा. गाळात बसलेलं आमिष माशाला सापडत नाही, वरच्या वर तरंगणारं नुसती बारकी पोरकट मासळी टिपून जाते. पाच मिनिटांचं काम आहे, पण मासा लागणं न लागणं निम्मं यावरच असतंय.

वेळेचं म्हणाल तर सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीय. एप्रिल-मेमध्ये सकाळी अकराला पोरं घेऊन जायचं आणि चाळीसच्या वर पारा असताना उघड्या काठावर बसवायचं, मग ते रडलं तर त्याची काय चूक? मासे पण त्या वेळी खोल पाण्यात जातात. उन्हाळ्यात उजाडायच्या आत पोहोचा, साडेआठ-नऊला सामान आवरा. संध्याकाळी पाचनंतर गेलात तरी चालतं. थंडीत मात्र उलटं करा, डिसेंबरात सकाळी सहाला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, चिलापी गरम पाण्यातला मासा आहे, पाणी गार असलं की सुस्त पडते, दहाच्या पुढं ऊन चढलं की खायला लागते. थंडीतली दुपार पोरांना पण बरी.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. काठावर बसल्या बसल्या आपण पोरांना सारखं गप बस, बोलू नको, मासे पळतील म्हणत राहतो. अहो हवेतला आवाज पाण्यात फार कमी उतरतो, बराचसा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. पोरं गप्पा मारू देत, गाणी म्हणू देत, मासे त्यानं पळत नाहीत. मासे पळतात ते पायाच्या धपाधपीनं, जमिनीतून गेलेला हादरा पाण्यात लगेच पोचतो आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना जी बारीक रेघ असते ना तिच्यातून त्याला तो कळतो. आणि दुसरं, सावलीनं पळतात. त्यामुळं नियम दोनच ठेवा, काठावर पळायचं नाही आणि पाण्यावर आपली सावली पडेल असं वाकून उभं राहायचं नाही. बाकी तोंडाला कुलूप घालायची गरज नाही. मी हे बदललं आणि पोरं दुप्पट वेळ बसायला लागली, खरंच सांगते, कारण त्यांना गप बसायचा त्रास होता, मासे धरायचा नव्हताच.

दगडं मारण्याचं पण असंच. मी आधी ओरडायचे. मग एका मे महिन्यात, उजनी मायनसमध्ये गेलेली, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलेलं, पाणी लांब आत गेलेलं, काठाच्या उथळ पाण्यात तळाला ताटाएवढे गोल गोल खड्डे दिसत होते. पोरांना वाटलं म्हशीचे पाय. मी म्हटलं बसा इथं, लांबूनच बघा. ते खड्डे चिलापीचा नर तोंडानं आणि शेपटीनं करतो, तिथं मादी अंडी घालते आणि लगेच ती अंडी तोंडात घेते, पिल्लं तिच्या तोंडातच वाढतात, तेवढे दिवस ती जवळपास काही खात नाही. आम्ही उकिडवं बसून बघत होतो तेव्हा एक मादी दिसली, तिच्या डोक्याभोवती जिऱ्याएवढ्या पिल्लांचा ढग. शेजारच्या पोरानं हात वर केला, नुसता हात, आणि सावली हलली तशी ती सगळी पिल्लं एका क्षणात तिच्या तोंडात शिरली. एक पण बाहेर राहिलं नाही. ते पोरगं कितीतरी वेळ हात तसाच वर धरून बसलं होतं. त्यानंतर त्यानं पाण्यात दगड टाकलेला मी बघितलेला नाही, उलट दुसऱ्यांना सांगतो, ए दगड नको, आत बाळं असतात.

चिलापी आपल्याकडची मूळची नाही हे पण पोरांना सांगते, आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ ला आणला, आणि आता आपल्या उजनीत जाळ्यात बघावं तर तीच. आमचे तात्या जुन्या माशांची नावं घ्यायचे, मरळ, वांब, शिंगाडा, आणि म्हणायचे चिलापी आली आणि त्यांना जागा कमी पडली. पोरांना असल्या गोष्टी लई आवडतात, पुढच्या वेळी विचारतात, आज वांब दिसेल का. वाट बघायला कारण मिळतं त्यांना.

मासा टिपतोय पण लागत नाही, ही पण नेहमीची तक्रार, आणि यात नव्वद टक्के चूक मागं उभ्या असलेल्या बाबांची. बूच जरा हललं की बाबा ओरडतात, वढ वढ वढ! पोरगं घाबरून सगळी ताकद लावून काठी मागं फेकतं, गळ डोक्यावरून जाऊन वेड्या बाभळीत अडकतो, मग पुढची वीस मिनिटं काटे. चिलापी आधी टुक टुक करते, ती चव बघते. तेव्हा काही करायचं नाही. मग बूच एकतर आडवं चालायला लागतं किंवा तिरकं खाली जातं. आता उचलायचं, तेही मनगटातून, चहाचा कप उचलतो तेवढंच. मी पोरांना सांगते, बूच चालायला लागलं की मला सांगू नका, तुमचं तुम्ही उचला. आणि मी मागं बसते, पुढं जात नाही. लई अवघड जातं हो, मासा दिसतोय, हात शिवशिवतात, पण तोंड बंद ठेवायचं. तो चुकू दे. दोन-तीन वेळा चुकला की चौथ्यांदा हाताला कळतं आणि ते कळणं कुणी सांगून होत नाही.

गुंत्याचं थोडक्यात सांगते. लहान पोरांना रीळ देऊ नका. सात-आठ फुटांचा बारीक बांबू, टोकाला बांधलेली तंगूस आणि ती बांबूएवढीच लांब, संपलं. गुंता झाला तर पोराला बसवून अर्धा तास सोडवत बसू नका, कापा आणि नवीन बांधा. गळ बांधलेल्या चार-पाच तंगूस घरूनच पुठ्ठ्याला खाचा पाडून गुंडाळून न्या. आणि कापलेली तंगूस खिशात घालून परत आणायची, काठावर टाकायची नाही, पक्ष्यांच्या पायात अडकते. हिप्परग्याला थंडीत किती पक्षी येतात ते बघितलंय ना.

आता उलट्या काट्याचं. मागं एकदा आमच्यातल्याच एका पोराच्या बोटात गळ घुसला, तेव्हा मी काटा दाबलेला नव्हता. उलटा काटा आत रुतला की ओढून निघत नाही, अजून फाटतं. तसंच दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी बधिर करून काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पोरगं शूर होतं, पण मला त्या रात्री झोप नाही आली, दुसऱ्याचं लेकरू आपल्या भरवशावर आलेलं. तेव्हापासून काटा दाबल्याशिवाय एकही गळ पिशवीत जात नाही. थोडे मासे सुटतात, सुटू देत. मासा धरायला शिकवताना पण डोक्याकडून शेपटीकडं हात फिरवत पाठीवरचे काटे मिटवून धरायचं, उलटा हात नाही. शिंगाड्यासारखा मिशावाला मासा आला तर पोरांना हात लावू देऊ नका, त्याच्या कल्ल्यामागचे काटे टोचले तर लई ठणकतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ठणका उतरतो, सूज आली तर दवाखाना.

आणि गाळ. उजनीचं पाणी उतरलं की काठावर वरून सुकलेली, भेगाळलेली काळी माती दिसते, खाली मऊ चिखल असतो, पोरगं पाऊल टाकतं आणि मांडीपर्यंत आत जातं. आधी तुम्ही काठी खुपसून बघत चाला, पोरं तुमच्या मागं. पाण्याजवळ लाईफ जॅकेट घालायचंच, पोहता येत असलं तरी. दोन पोरांमागं एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात स्वतःची काठी नको, मोबाईल तर नकोच. जिथं जाल तिथं तळ्याचा ठेका घेतलेली मच्छीमार सोसायटी असते किंवा गावातले कोळी-भोई बांधव असतात, त्यांना विचारूनच बसा. त्यांचं पोट आहे त्यावर. विचारलं की ते उलट जागा दाखवतात, कुठं तळ सपाट आहे ते सांगतात. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तळ्यावर मात्र गळ घेऊन जाऊ नका, ते देवाचं तळं आहे, तिथं पोरांना नुसतं पाणी बघायला न्या.

एवढं सगळं करून पण एखादा दिवस एकही मासा लागत नाही. तेव्हा मी थांबवते कधी ते सांगते. पोरांनी घरी जायचं म्हणायच्या आधी. चेहऱ्यावरून कळतंय, बुचाकडची नजर सुटून इकडंतिकडं जायला लागली की मी म्हणते चला आवरा, आता भाकरी खाऊ. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, काठापासून लांब बाभळीच्या सावलीत. पोरं म्हणतात, एवढ्यात? थोडं बसू की. असं अर्धवट पोटी उठलेलं पोरगं पुढच्या वेळी आपणहून पिशवी भरतं. पाच वर्षांच्या खालच्यांना तर मी काठी देतच नाही, त्यांना गोळे वळायला बसवते.

ज्या पोराबद्दल त्याच्या आईनं मला सांगितलं होतं की याला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवा, तो परवा आमच्यासोबत चौथ्यांदा आला होता. पहिल्या वेळी यानंच काठी पाण्यात भिरकावलेली. परवा सकाळी सहाला बसला. बूच दोनदा हललं, एकदा चुकला, एकदा बोटभर चिलापी आली ती त्यानं ओला हात करून सोडून दिली, ओला हात करायचं मी सांगितलं नव्हतं, माझ्या मुलाचं बघून केलं असणार. मग बराच वेळ काहीच नाही. मी मागं बसून शेंगा सोलत होते, बोलले नाही. आठ वाजत आले, ऊन पाठीवर आलेलं, आणि तो मान न वळवता, बुचावरची नजर न काढता हळूच म्हणतो, मावशी, आमिष गाळात बसलंय वाटतं, बूच जरा खाली सरकवून बघू का?